रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

इथले अनुभव मी गेली काही वर्षं नेमाने वाचतो. वाचून झाल्यावर बहुतेकांच्या खाली मनातल्या मनात "उंदीर", "ॲसिडिटी" किंवा "झोप अपुरी" असा शेरा मारतो आणि पुढे जातो, हेही आधीच सांगून टाकतो. माझं कामच तसलं आहे. हडपसरच्या एका कारखान्यात मी मोजमाप विभाग सांभाळतो. सुटे भाग मोजण्याची जी उपकरणं असतात, ती स्वतः बरोबर मोजतात की नाही, हे आम्ही तपासतो. एकच भाग दोनदा मोजून दोन वेगळे आकडे आले तर मी आधी माणसाला धरतो, मग उपकरणाला. तिसरं काही धरायची वेळ आजवर आली नव्हती.

या प्रकरणात माणसं तपासून झाली, उपकरणंही तपासून झाली. म्हणून इथे लिहितोय.

मी कोथरूडला राहतो. सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. घरी मी आणि पत्नी मेधा. मुलगी सानिका नोकरीसाठी बंगळूरला असते. वय एक्कावन्न. कॉलेजात असताना गिटार हातात घेतलं ते सुटलं नाही. पोट कधी त्यावर नव्हतं, त्यामुळे कोणाला ऐकवण्याचीही घाई नव्हती. नोकरी, कर्ज, मुलीचं शिक्षण... सगळं उरकल्यावर निवांत एक अल्बम करू, असं डोक्यात होतं.

मग ऐकू कमी यायला लागलं. आधी खिडकीतल्या चिमण्या गेल्या. मग स्कूटरच्या इंडिकेटरची टिकटिक. मेधा म्हणायची, "इंडिकेटर चालूच आहे तुमचा, लोक शिव्या देतायत", आणि मला त्या शिव्याही नीट ऐकू यायच्या नाहीत. तपासण्या झाल्या. आतल्या नसेचा दोष, वाढत जाणारा. उजवा कान लवकर जाईल, डावा त्याच्या मागून. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात. मी डॉक्टरांना आकडा मागितला, म्हणजे किती महिने, किती वर्षं. ते म्हणाले, "आकडा असता तर दिला असता."

निवांत शब्द तिथेच संपला. ऐकू येतंय तोवर आपण जे काही केलंय ते बाहेर काढून ठेवायचं, एवढंच मग डोक्यात राहिलं. नाहीतर ते माझ्याच डोक्यात बंद होऊन पडणार होतं, आणि दार आतून उघडत नाही...

आता रेकॉर्डिंगची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. स्टुडिओ वगैरे काही नाही. आतल्या बेडरूममध्ये कपाटाची दारं उघडायची, त्यांवर गोधड्या टाकायच्या, खिडकीला सतरंजी लावायची. वार गुरुवार, कारण आमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी. वेळ दुपारची, कारण जेवणानंतर आमची अख्खी बिल्डिंग झोपते. झोपत नाही तो फक्त पाण्याचा पंप. तो आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली आहे आणि टाक्या नेमक्या दुपारी भरतात. त्याची एक बारीक घरघर भिंतीतून वर येते. सेक्रेटरींना मी पंपाची वेळ बदलायची विनंती केली होती. त्यांनी "आपण गिटारची वेळ बदलावी" असं लेखी उत्तर दिलं, सही-शिक्क्यासकट.

तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे गिटार किंचित उतरवून पंपाच्या सुरात लावलं, म्हणजे उरलीसुरली घरघर गाण्याखाली लपेल. दुसरी गोष्ट रेकॉर्डिंग करणारे सगळेच करतात. नुसत्या खोलीचा आवाज थोडा वेळ रेकॉर्ड करायचा, काहीही न वाजवता. संगणक तो नमुना धरून बाकीच्या रेकॉर्डिंगमधून तेवढा आवाज वजा करतो. पूर्ण जात नाही, पण बराच कमी होतो. माणूस आत बसला की खोलीचा आवाज बदलतो, म्हणून मी हा नमुना बाहेर थांबून घेत नसे. गिटार मांडीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि पंपाच्या घरघरीने तारा आपणहून गुणगुणू नयेत म्हणून त्यांच्याखाली रुमाल खोचलेला. असा गप्प बसायचो. मेधा दाराच्या फटीतून बघून म्हणायची, "ध्यान झालं की चहा टाकते."

हा रुमाल लक्षात ठेवा.

सात तुकडे रेकॉर्ड केले. खरं तर आठ करायचे होते. आठवा सगळ्यांत जुना आणि मला सगळ्यांत जवळचा, पण तो पुरा नव्हता. सहा सुरांची एक ओळ खालून वर चढते, दर वेळी शेवटचा सूर बदलतो आणि चौथ्यांदा ती सगळ्यांत वरच्या बारीक तारेवर घंटेसारख्या एका सुरावर जाऊन थांबते. तिथून पुढे कसं जायचं ते मला कधी सुचलंच नाही. कित्येक वर्षं मी त्या सुरापाशी जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो. आता तर तो सूर मला ऐकूही येईना. म्हणून आठवा अल्बममधून काढला. तो मी कोणाला वाजवून दाखवलेला नव्हता. मेधालाही नाही. अर्धवट गोष्ट दाखवायची मला सवय नाही.

सातव्या तुकड्याचं रेकॉर्डिंग ज्या गुरुवारी केलं, त्याच्या आदल्या दिवशी कानाची नवी तपासणी झाली होती. उजव्या कानाची रेघ कागदाच्या तळाशी गेलेली दिसत होती. त्या दुपारी मी खोलीचा नमुना सुरुवातीला घ्यायला विसरलो. माझ्या हातून असं होत नाही, पण झालं. वाजवून संपल्यावर लक्षात आलं. तेव्हा रेकॉर्डिंग न थांबवता तसाच तारांखाली रुमाल खोचला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि गप्प बसलो.

बसल्या बसल्या मनात आठवा तुकडा सुरू झाला. मी सुरू केला असं म्हणता येणार नाही. आजवर ऐकत आलो होतो तसा तो सगळा वाजत गेला, घंटेच्या सुरापर्यंत. तिथे नेहमीसारखा थांबला. त्यानंतर मला एवढंच आठवतं की मी बराच वेळ तसाच बसून होतो आणि मेधाने दार वाजवलं तेव्हा गोधडीवरची फुलं बघत होतो.

आणि मी दुसरी चूक केली. अल्बमची फाईल तयार करताना तो रिकाम्या खोलीचा भाग कापायचाच राहिला. सातवा तुकडा संपल्यावर काही मिनिटं नुसती शांतता, तशीच गेली.

सानिकाने अल्बम इंटरनेटवर टाकला. नाव "गुरुवार". ओळखीच्यांनी अंगठे पाठवले. ज्या लोकांनी ऐकावं असं वाटत होतं अशा बऱ्याच जणांना मी स्वतः मेल केल्या. स्वतंत्र संगीतावर लिहिणारे, छोटे-मोठे रेडिओवाले, दोन-तीन गिटारवादक. कोणाचंही उत्तर आलं नाही. रोज कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी किती जणांनी ऐकलं तो आकडा बघायचो. आकडा इतका लहान होता की त्यातून मी स्वतः किती वेळा ऐकलं ते वजा करायचा मोह मी टाळला. डावा कान तोवर थोडा आणखी उतरला होता. संध्याकाळी घरी आलो की गिटारकडे न बघता टीव्हीसमोर बसायचो, आणि टीव्हीचा आवाज मेधाला सहन होत नाही म्हणून तो बंदच असायचा.

मग एके दिवशी एक समीक्षा आली.

लिहिणारे गायकवाड नावाचे गृहस्थ. हडपसरला एका शाळेत भूगोल शिकवतात आणि हौसेने स्वतंत्र कलाकारांच्या अल्बमवर ब्लॉग लिहितात. ज्यांना मी मेल पाठवली होती, त्यांपैकी ते एक. कारखान्याच्या कँटीनमध्ये ताट बाजूला सारून मी ती वाचली. आवश्यक तेवढीच देतो.

"'गुरुवार' नीटनेटका आहे आणि काही ठिकाणी कंटाळवाणा. तिसरा ट्रॅक ऐकताना बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखं वाटलं. वादक चूक होऊ नये म्हणून इतका जपतो की ऐकणाराही अंग चोरून बसतो. मात्र सातवा ट्रॅक संपला असं वाटतं, शांतता होते, आणि मग तंबोऱ्यासारख्या एका बारीक घरघरीवर तो पुन्हा वाजवू लागतो. सहा सुरांची ओळ खालून वर चढते, दर वेळी शेवटचा सूर बदलून. चौथ्यांदा ती घंटेसारख्या सुरावर थांबते. मला वाटलं, हात अडला, संपलं. पण तिथून पुढे जे येतं, त्यासाठी आधीचे सगळे ट्रॅक माफ."

मी ते पुन्हा वाचलं. आजूबाजूला ताटांचा आवाज होत असणार, मला काही ऐकू येत नव्हता. घाबरलो, हे खरंच. पण घाबरण्याआधी जे वाटलं ते असं होतं — पुढे काय येतं? या माणसाला माहीत आहे. मला माहीत नाही.

घरी येऊन तपासणी सुरू केली. माझ्या मूळ फाईलमध्ये त्या जागी आवाजाची रेघ जवळजवळ सपाट. तारेचा एक ठोका जरी असता तरी तिथे टोक उठलेलं दिसलं असतं. इंटरनेटवरची फाईल उतरवून घेतली. तीही सपाट. सानिकाला विचारलं, चुकून दुसरं काही जोडलं गेलं का? तिने ऐकून सांगितलं, "बाबा, एंडला पूर्ण ब्लँक आहे. मला वाटलं आर्टिस्टिक आहे म्हणून मी काही बोलले नाही." जुनं एखादं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये राहिलं असेल का? नव्हतं, मी कधी केलंच नव्हतं. मग मेधाला हेडफोन लावून ऐकायला सांगितलं, कारण माझ्या कानांवर माझा विश्वास राहिलेला नव्हता.

तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. "पंप आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही नाकाने श्वास घेताय. सर्दी होती का तेव्हा?"

तिला सगळं सांगितलं. आठव्या तुकड्याबद्दलही, पहिल्यांदाच. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून तुमच्या नावावर लिहिलंय त्यांनी. कौतुक आहे ना? मग आभार माना आणि गप्प बसा."

पण तिनेच दुसऱ्या दिवशी फोन लावला. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं काम तिचं. तिने माझं नाव सांगताच गायकवाड म्हणाले, "तिसऱ्या ट्रॅकबद्दल असेल तर मी मत बदलणार नाही." मेधा म्हणाली, "नका बदलू, माझंही तेच मत आहे." मग फक्त एवढंच विचारलं की शेवटचा भाग आमच्यासमोर एकदा ऐकाल का. ते म्हणाले, या की.

पुढच्या गुरुवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. माझ्या पाठीवर गिटार, मेधाच्या पर्समध्ये माझ्या श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या. त्यांची शाळा सकाळची असते. माणूस माझ्याच वयाचा, अंगात घरचा सदरा, भिंतीवर जगाचा नकाशा. चहा झाला. ऐकण्याची त्यांची एक पद्धत आहे. जमिनीवर चटई टाकून उताणं पडायचं, हेडफोन लावायचे आणि यंत्र आपणहून थांबेपर्यंत उठायचं नाही. ते म्हणाले, "लोक टाळी वाजवून उठतात आणि शेवट राहून जातो. मी मधे कधीच बंद करत नाही."

त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर त्यांचीच फाईल लावली. मी पडद्याकडे बघत होतो. सातवा तुकडा संपला. रेघ सपाट झाली. आणि गायकवाडांचा उजवा हात चटईवर हलायला लागला.

बोटांनी ते ठेका धरत होते. सहा, आणि थांबा. सहा, आणि थांबा. माझी ओळ. तीच गती, तिसऱ्या वेळी थोडं रेंगाळणंही तेच. मला कानांनी काहीच कळत नव्हतं, पण त्या बोटांवरून मी अख्खा तुकडा वाचू शकत होतो. चौथ्या ओळीनंतर बोटं हवेत थांबली. मी दर वेळी थांबतो तिथेच. मी मेधाचा हात धरला होता, हे तिने नंतर सांगितलं.

बोटं खाली आली आणि पुढे चालू लागली.

संपल्यावर ते उठून बसले, खुशीत. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि सपाट रेघ दाखवली. मेधाने त्यांचे हेडफोन लावून तोच भाग ऐकला आणि नकारार्थी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मला घाबरवू नका हो," ते म्हणाले. "मी भूगोल शिकवतो."

मी त्यांना आमच्या बाजूचं सगळं सांगितलं. खोली, रुमाल, गुडघ्यांवरचे हात. ते फसवत असतील ही शंका मला होती का? होती. पण माझ्या डोक्यातली ओळ त्यांना कुठून मिळणार? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते खरं की खोटं यापेक्षा मला एकच गोष्ट हवी होती. मी म्हणालो, "पुढचं गाऊन दाखवा."

"मला गाता येत नाही. राष्ट्रगीताला मी नुसते ओठ हलवतो."

"कसंही गा."

त्यांनी प्रयत्न केला. मेधा खिडकीबाहेर बघायला लागली. तो आवाज वर जात होता की खाली, हेही सांगता येत नव्हतं. मी पुन्हा गायला लावलं. पुन्हा. ते घामाघूम झाले. मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे वेळ कमी आहे, हा शेवट मला अर्ध्या आयुष्यात सापडलेला नाही, आता तो तुमच्याकडे आहे आणि मला ऐकू येणं बंद व्हायच्या आत तो मला मिळायला हवा. माझा आवाज चढला असावा. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. मेधाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं की मी त्यांच्या चटईवर गुडघे टेकून बसलो होतो.

मग तिने ताबा घेतला. लग्नाआधी ती काही वर्षं गाणं शिकली आहे आणि अजूनही भजनी मंडळात गाते. ती म्हणाली, "गायकवाड सर, तुम्ही गाऊ नका. कृपा करा. मी एकेक सूर लावते. तुम्ही फक्त सांगा, वर की खाली."

असा तो शेवट आम्ही काढला. गायकवाड चटईवर उताणे, हेडफोन लावून. स्वतःचा नेम मोडून एकेक सूर ऐकायचे आणि थांबवायचे. मेधा एक सूर लावायची. "खाली." ती उतरायची. "अजून खाली. थोडं वर. हां." मग ती मला स्वराचं नाव सांगायची आणि मी तो पडदा शोधून बोट ठेवायचो. बारीक तारांचं मला काही ऐकू येत नव्हतं, पण कुठल्या पडद्यावर काय आहे हे बोटांना पाठ होतं. मधे गायकवाडांच्या मिसेस शाळेतून आल्या. त्याही शिक्षिका. नवरा आडवा, एक अनोळखी बाई गातेय आणि एक माणूस गिटार घेऊन रडतोय, हे बघून त्या काही न विचारता चहा टाकायला गेल्या.

घंटेच्या सुरानंतर तुकडा वर जातच नाही. मी इतकी वर्षं तिथून वर जायची वाट शोधत होतो. तो तिथून एकदम खाली येतो, सगळ्यांत जाड तारेवर, आणि मग शेवटपर्यंत खालच्या तीन तारा सोडून कुठेही जात नाही. तीच सहा सुरांची ओळ, पण उतरत. त्या तारा मला अजून ऐकू येत होत्या.

सगळा बसल्यावर गायकवाडांनी फाईल पुन्हा लावली आणि मला तिच्याबरोबर वाजवायला सांगितलं. कुठे सुरुवात करायची ते त्यांनी हात खाली करून दाखवलं. मी वाजवलं. ते डोळे मिटून होते. मधेच त्यांनी हात वर केला आणि हळूच म्हणाले, "मघाशी दोन गिटारं ऐकू येत होती. आता एकच येतंय."

परत येताना बसमध्ये मेधा माझ्या डाव्या बाजूला बसली. कोथरूड जवळ आलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही आतल्या आत इतकं वाजवत असता, हे मला सांगायचं होतंत."

आठवा तुकडा मी नंतर रीतसर रेकॉर्ड केला. तो आता अल्बममध्ये आहे. सातव्याच्या शेवटची शांतताही मी तशीच ठेवली आहे. ज्यांना हवं त्यांनी ऐकावी. आजवर गायकवाडांशिवाय कोणालाही तिथे काही ऐकू आलेलं नाही. त्यांनाही दुसऱ्या कोणाच्या अल्बममध्ये असं कधी झालेलं नाही. त्यांनी त्यांचे कान तपासून घेतले. नॉर्मल आहेत.

हे इथे संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं.

त्यानंतर उजवा कान पूर्ण गेला. डावा यंत्राशिवाय बंद, आणि यंत्र लावलं तर गिटार म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखं. मेधाचं बोलणं मी निम्मं ओठांवरून समजून घेतो. गिटार वाजवताना हनुवटी त्याच्या अंगावर टेकवतो, तेवढी थरथर कळते. डोक्यात एक नवीन तुकडा तयार झाला होता. पण तो खरंच तिथे आहे, की आहे असं मला नुसतं वाटतंय? कारखान्यात एखाद्या उपकरणावर शंका आली तर दुसरं, खात्रीचं उपकरण आणून ताडून बघतो. इथे माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. कित्येकदा रात्रीच्या जेवणाला बसल्यावर वाटायचं, संपलं, आत आता नुसता पंप उरलाय.

मी रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग करत राहिलो. गुरुवारी, दुपारी, रुमाल खोचून. मला आता वाजवलं काय आणि न वाजवलं काय, खोली तीच. त्या फाईल संगणकात साठत गेल्या. गायकवाडांना एकही पाठवली नाही.

मेधाला माहीत होतं. एकदा ती माझ्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं उभी राहून म्हणाली, "पाठवून टाका."

"ते काहीच नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

"मग मी काय करू?"

तिने विचार केला. "मग भाजी आणा," ती म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते, हे मला दिसलं.

शेवटी पाठवल्या. पण माझ्या पद्धतीने. दोन फाईल केल्या, दोन्ही सारख्या लांबीच्या, दोन्हींत गिटार मांडीवर, रुमाल जागेवर, हात गुडघ्यांवर. पहिली करताना मनात सतराचा पाढा सतत म्हणत राहिलो, दुसरं काहीही येऊ दिलं नाही. दुसरी करताना नवीन तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात वाजवला. नावं फक्त "अ" आणि "ब". सोबत एक ओळ — कृपया ऐकून कळवावे. कशात काय आहे ते मेधालाही सांगितलं नव्हतं.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. शाळेत परीक्षा चालू होत्या. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

काल उत्तर आलं. मेधाने फोन माझ्या हातात दिला, स्वतः आधी मेसेज वाचला नव्हता.

"अ मध्ये फक्त तुमचा पंप आहे, चुकून पाठवलीत का? ब ऐकला. सुरुवात चांगली. मधला भाग उगाच लांबलाय. तीच गोष्ट दोनदा सांगताय. एकदा पुरे."

यामागचं कारण मला माहीत नाही. इथे कोणी डॉक्टर, संगीतातले जाणकार किंवा आवाजाचं शास्त्र शिकलेले असतील तर जरूर सांगावं. दोन्ही फाईल, मूळ रेकॉर्डिंग, कानाच्या तपासण्यांचे कागद, सगळं जपून ठेवलंय. योगायोग म्हणायचा असेल तर एकदा म्हणता येईल. पंपाचं काही असेल तर "अ" मध्येही तोच पंप होता. माझ्या मोजमापात हे कुठे बसत नाही.

मेसेज वाचून आधी राग आला. खरंच आला. बरोबर तेच सांगत होतो मी दोनदा? मग खुर्चीत बसून, हात गुडघ्यांवर ठेवून तो तुकडा मनात पुन्हा वाजवून पाहिला.

लांबलाच होता. कापला.